डावा हात म्हणजे बायको नव्हे

ताई, प्रभूमध्ये सलाम.

मी ६७ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. आठ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, दोन स्टेंट बसवल्या. आयसीयूत शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. संध्याकाळी माझ्याशी बोलले आणि पहाटे गेले. तेव्हापासून मन तिथेच अडकलंय. रात्री झोप लागत नाही. वाटतं, हे सगळं गोळा केलं ते कशासाठी?

निवृत्तीचे आणि साठवलेले मिळून १८ लाख बँकेत ठेव आहेत. पेन्शन चालू आहे, घर स्वतःचं आहे. मिशनच्या ज्या बोर्डिंगात राहून मी शिकलो, तिथे १० लाख देऊन वडिलांच्या नावाने एक खोली बांधावी, असं ठरवलंय. वडील मोलमजुरी करायचे. त्यांनीच मला तिथे नेऊन सोडलं, म्हणून मी मास्तर झालो. मुलगा पुण्यात घराचे हप्ते फेडतोय. तो म्हणतो, "बाबा, हे तुम्ही विश्वासाने नाही, मरणाच्या भीतीने करताय." ते फार लागलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे, तिचा प्रश्न नाही. हिचा काही आक्षेप नाही. धाकट्या भावाशी वडिलांच्या चार गुंठ्यांवरून ११ वर्षं बोलणं बंद आहे, त्यामुळे त्याला विचारायचं कारण नाही. पाळकसाहेब म्हणतात, प्रभू बोलतोय तर उशीर करू नका.

मरणाच्या भीतीने दिलेलं दान देवाला चालतं का? आणि मी द्यावं की नाही?

— एक गुरुजी

* * *

गुरुजी, प्रभूमध्ये सलाम.

आधी मुलाच्या वाक्याचं बघू. पैशांचा हिशोब तुम्ही शांतपणे मांडलाय, पण त्या वाक्याशी आल्यावर तुमचं अक्षर बदललंय. भीती आहे का? आहे, आणि असणारच. मिशनच्या दवाखान्यात माझी नर्सची नोकरी झाली. झटक्यातून उठलेली माणसं घरी गेल्यावर कित्येक महिने पहाटे दचकून उठतात, जिना चढताना छातीकडे कान लावून असतात, आवडीच्या कशात त्यांचं मन लागत नाही. हे इतक्या जणांचं होतं की त्याला विश्वासाची कमतरता म्हणणं अन्यायाचं आहे. त्यावर उपचारही आहेत. झोप लागत नाही हे तुम्ही मला लिहिलंत, डॉक्टरांना सांगितलंत का? पुढच्या तपासणीला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचाराल, तेव्हा हेही विचारा. प्रार्थना चालू ठेवूनही विचारता येतं.

देवाला चालतं का, याचं उत्तर सरळ आहे. उधळ्या पुत्राला बापाचं घर आठवलं ते पोटात भुकेची आग पडली म्हणून, पश्चात्ताप उफाळून आला म्हणून नव्हे. बापाने दारात उभं करून त्याला कारण विचारलं नाही. भीतीने सुरुवात करून दिली तर दिली. मात्र किती द्यायचं आणि कोणाच्या वाटचं द्यायचं, हे ठरवायला तिला बसवू नये. तुमच्या बेतात ती तिथे बसलेली मला दिसते आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

मरणाची आठवण ठेवणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट कधीच नव्हती. आम्हांला आमचे दिवस गणायला शिकव, असं ९० व्या स्तोत्रात मागितलंय. सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, हा हिशोबही तिथेच आहे. याकोब म्हणतो, तुम्ही वाफ आहात. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो बायबलातल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाचा आरंभ. सात जणांना वाटा दे, आठ जणांनाही दे, कारण पृथ्वीवर काय अरिष्ट येईल ते तुला ठाऊक नाही. तुमचा मुलगा म्हणेल, पुढचं ठाऊक नाही म्हणून तर साठवायचं. चार शहाणी माणसं हेच म्हणतील, मीही एरवी हेच म्हणते. उपदेशक त्याच अंदाजावरून उलट्या टोकाला पोचतो. पुढचं ठाऊक नाही, तर हातात आहे तोवर वाटून मोकळा हो. दोन्ही बाजूंना एकच अनिश्चितता दिसते, आणि एकाची मूठ आवळते, दुसऱ्याची सुटते.

मूठ सुटण्याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. पंडिता रमाबाईंनी १८७४ च्या आसपास दुष्काळात भटकताना थोड्याच काळात वडील, आई आणि बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. चोविशीच्या आत एवढी मरणं, आणि कडेवर तान्ही मनोरमा. अशा बाईने उरलेलं आयुष्य स्वतःला आणि मुलीला सांभाळण्यात घालवलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं 'मुक्ती' मिशन त्यातून उभं राहिलं. दुष्काळात वाटेवर पडलेल्या मुलीचं काय होतं, हे त्यांना अहवाल वाचून कळलेलं नव्हतं. आपल्याला जे अंगावर सोसून ठाऊक झालंय ते देताना हात चुकत नाही, असं मला रमाबाईंकडे बघून वाटतं. तुम्हालाही असं काहीतरी ठाऊक आहे. बोर्डिंगातली पहिली रात्र कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, पाळकसाहेबांना ते नसेलही. त्याकडे शेवटी येते.

आता खोली आणि खोलीवरचं नाव.

वसईकडच्या आपल्या कॅथलिक भावंडांकडे राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील हे आठवून देतात. त्याच दिवशी मिस्सात जे शुभवर्तमान वाचलं जातं ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं असतं. दान करताना कर्णा वाजवू नकोस, तुझा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. मला ही जोडणी फार शहाणपणाची वाटते. मरण आठवलं की माणसाला पहिली इच्छा होते ती दगडावर नाव कोरून घेण्याची, आणि नेमकं त्याच दिवशी कानात सांगायचं की गुपचूप दे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही राख सगळीकडे लावत नाहीत, म्हणूनच की काय, आपल्या चर्चांमध्ये पंख्याच्या पात्यांवरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. बाकांवर असतं, घड्याळावर असतं, पाण्याच्या टाकीवर असतं. उपदेश लांबला की मी ही नावं वाचत बसते. काही काही आडनावांचे तर दोन-दोन पंखे आहेत.

वडिलांचं नाव लावणं हे पाप आहे, असं मी म्हणणार नाही. मजुरी करणाऱ्या माणसाचं नाव एखाद्या भिंतीवर असावं ही इच्छा मला समजते. ज्यांची नावं कुठेच नव्हती त्यांच्या मुलांना ती असतेच. पण १० लाख ही रक्कम कुठून आली, हा प्रश्न मी तुम्हाला विचारते. बोर्डिंगातल्या मुलांची गरज मोजून आली, की खोलीला तेवढे लागतात आणि खोलीपेक्षा लहान गोष्टीवर पाटी शोभत नाही म्हणून आली?

डाव्या हाताच्या वचनाचं एक सांगते. आपल्यातल्या बऱ्याच पुरुषांनी डावा हात म्हणजे बायको असा अर्थ काढलेला आहे. एवढ्या लांब पत्रात वहिनी एकदाच आल्या, चार शब्दांत: 'हिचा काही आक्षेप नाही.' त्यांना विचारलंत तेव्हा त्या काय म्हणाल्या? की विचारलंच नाही, आणि त्या काही बोलल्या नाहीत याचा तुम्ही होकार धरलात? त्या पिढीतल्या बायका आक्षेप घेत नाहीत, गुरुजी. त्या रात्री कुशीवर वळून हिशोब करतात. हे गेल्यावर पेन्शन कमी होईल, कुटुंब निवृत्तिवेतनात दवाखाना कसा भागेल, मुलाकडे जाऊन राहायचं तर सुनेला काय वाटेल. नवरा स्टेंट घेऊन घरी आल्यावर मरणाचा विचार फक्त नवऱ्याच्याच मनात येतो असं थोडंच आहे.

नारायण वामन टिळकांच्या दातृत्वाच्या गोष्टी आपल्या मंडळ्यांत किती कौतुकाने सांगतात! हातात आलेलं हातात ठरत नसे. त्या दातृत्वाची दुसरी बाजू, म्हणजे घर कसं चाललं, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलं म्हणून. त्यांनीही आयुष्यभर परक्या पोरांना पोटाशी धरलं, त्यामुळे त्यांना चिकट म्हणायची सोय नाही. त्यांच्या लिहिण्यात हसू आहे, पण त्या हसण्याखाली ओढाताण स्पष्ट दिसते. प्रत्येक दानशूर घरात लिहू शकणारी लक्ष्मीबाई नसते.

शास्त्र या बाबतीत पाळकसाहेबांच्या घाईपेक्षा कडक आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू ज्यांच्यावर रागावतो ते कंजूष लोक नाहीत. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण झालं असं सांगून हात झटकणारे ते लोक आहेत. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असं पौल तीमथ्याला लिहितो. आणि वधस्तंभावर, श्वास घेणंही कठीण झालेलं असताना, येशूने आईला शिष्याच्या हवाली केलं. जगाच्या तारणाच्या कामात मध्येच थांबून आईच्या राहण्याची सोय. मरणाच्या दारातलं ख्रिस्ती औदार्य म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी हे येतं.

यात कायद्याचा एक मुद्दा आहे. पत्रावरून तरी तुम्ही मृत्युपत्र केलेलं दिसत नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस गेला आणि मागे बायको-मुलं असली, तर बायकोला मिळतो एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात, मुलगा-मुलगी असा भेद न करता. म्हणजे आज तुम्हाला काही झालं तर ज्या घरात वहिनींनी आयुष्य काढलं, त्या घराच्या त्या एक तृतीयांश मालकीण. आणि जिचा 'प्रश्न नाही' असं तुम्ही लिहिलंत, ती नाशिकची मुलगी भावाइतकीच वारस. तिला एक फोन करा. बापाच्या छातीत स्टेंट बसल्यापासून तिलाही झोप नसेल, आणि घरात काय ठरतंय हे तिला बहुधा भावाच्या बायकोकडून कळत असेल.

तेव्हा मृत्युपत्र करा. ते मरणाच्या तयारीचं काम खरं, पण मी त्याला औदार्याचंच काम मानते. वहिनी जिवंत आहेत तोवर घर त्यांचंच, एवढं एक वाक्य तुमच्या हयातीत लिहून ठेवलं तर त्यांना कोणाच्या दयेवर राहावं लागणार नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याला दिलेलं रद्द होतं. ठेवींवर वहिनींचं नाव वारस म्हणून लावलंय आणि काम झालं, असं समजू नका. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी कोणाची ते मृत्युपत्राने किंवा कायद्याने ठरतं. तालुक्याचा वकील हे एका बैठकीत करून देईल.

याच कायद्यात एक कलम होतं, ११८ वं. पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठी मृत्युपत्राने मिळकत द्यायची तर ते मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे, आणि केल्यापासून सहा महिन्यांत जमा करावं लागे. नाहीतर दान रद्द. मरणाच्या भीतीने माणूस धर्माच्या नावाखाली काहीही लिहून देईल, असा संशय त्यामागे होता. म्हणजे तुमच्या मुलाचं जे म्हणणं आहे ते कित्येक दशकं भारताच्या कायद्याचंही म्हणणं होतं! केरळमधल्या एका धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, कारण ही अट फक्त ख्रिस्ती लोकांवर होती आणि त्या भेदाला पटण्याजोगं कारण नव्हतं. निकाल योग्य झाला. तरी सांगते, वॉर्डात मी मरणाच्या आधी दान करणारे फार पाहिले नाहीत. सलाईन लावलेल्या हाताचा अंगठा कागदावर उमटवून घेणारे नातेवाईक मात्र पाहिले. भीतीच्या पहिल्या वर्षात मोठ्या कागदांवर सह्या करू नयेत, एवढं त्या कलमातलं शहाणपण मी ठेवून घेते.

पण मग मृत्युपत्रातच बोर्डिंगला १० लाख लिहून ठेवावेत आणि निवांत व्हावं का? ठेवा हवं तर, पण त्याला मी तुमचं दान म्हणणार नाही. मेल्यानंतर द्यायच्या पैशाने तुमच्या ताटातलं काही कमी होत नाही, ते वारसांच्या ताटातून जातं. मरणाची खरी जाणीव झाली असेल तर ती म्हणते, स्वतःच्या हाताने दे, अजून हात हलतोय तोवर दे, आणि देताना तुला ते जाणवू दे. (एक दान मात्र मेल्यावरच देता येतं आणि कोणाच्याच वाट्यातून जात नाही: डोळे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागतात आणि घरच्यांनी लगेच फोन केला तरच होतं. म्हणून नुसता फॉर्म भरून चालत नाही, घरात बोलावं लागतं. दफनविधीला त्याची काहीच अडचण नाही.)

आता भावाचं. पत्र तिसऱ्यांदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की खरी गाठ तिथे आहे, आणि ती तुम्ही एका वाक्यात उरकलीत.

धान्याची कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या धनवान मूर्खाचा दाखला तुम्ही वर्गात शिकवला असेल, शब्बाथ शाळेत तर नक्कीच. 'अरे मूर्खा, आज रात्री तुझा जीव मागितला जाईल.' आयसीयूतल्या त्या पहाटेनंतर तुम्हाला तो रोज ऐकू येत असणार. पण तो दाखला येशूने का सांगितला ते आठवा. लूक १२, वचन १३. गर्दीतून एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. 'गुरुजी' म्हणूनच हाक मारतो तो. वाटणीच्या भांडणातून मरणाचा तो दाखला निघालाय. आणि त्यातला धनवान बोलतो कोणाशी? स्वतःशी. माझं पीक, माझी कोठारं, माझ्या जिवा. त्याच्या सगळ्या बोलण्यात दुसरं माणूसच नाही.

तुमच्याकडे चार गुंठे आहेत. त्यांत कोण बरोबर ते मला माहीत नाही, आणि लिहून कळवू नका. (एखादी बहीण असेल तर त्या चार गुंठ्यांत तिचाही सारखा वाटा निघतो, हे दोघंही भाऊ सोयीने विसरले नसाल अशी आशा.) वडील ज्या दोन मुलांना ठेवून गेले ती एकमेकांशी ११ वर्षं बोलत नाहीत. त्यांतला एक जण त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावणार आहे आणि दुसऱ्याला ती उद्घाटनाच्या फोटोत दिसणार आहे. वडिलांना यातलं काय आवडलं असतं? वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. दान परत घरी ने असं त्यात म्हटलेलं नाही, हेही बघा. ते तिथेच राहू दे, रद्द करू नकोस, फक्त क्रम बदल.

मरणाची आठवण ज्या औदार्याला सगळ्यात जास्त लागते ते मला हे वाटतं. पैसे देणं त्या मानाने सोपं असतं, खासकरून ज्यांनी आपल्याला कधी दुखवलं नाही अशा मुलांना देणं. हक्क सोडणं, किंवा सोडता येत नसेल तर निदान 'तू बरोबर असशील' असं म्हणणं, याला धनादेश चालत नाही. तुम्ही भावाला गुंठे देऊन टाका, असं मी सांगत नाही. वहिनींच्या तरतुदीत ते येत असतील तर देऊही नका. पण दवाखान्यातून आल्यावर तो भेटायला आला होता का? आला नसेल तर कोणाकडून तरी चौकशी केली असेल, ते तुम्हाला कळलंही असेल. तिथून सुरू करता येईल. त्याने फोन ठेवून दिला तर दिला. जकातदार जक्कयासुद्धा लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला तेव्हा सगळ्यांनी त्याला लगेच गळ्याशी धरलं, असं कुठे लिहिलेलं नाही.

मुलाला काय सांगायचं? सांगा, की भीती आहे हे खरं, आणि तुझ्या आईची तरतूद आधी होईल हेही खरं. पण त्याच्या घराचे हप्ते ही तुमची जबाबदारी नाही. तो कमावता आहे. आपल्यात हल्ली एक विचित्र गोष्ट झाली आहे. आईबापांनी सगळं मुलांसाठी राखून ठेवणं यालाच ख्रिस्ती घराणं म्हणतात, आणि मुलं पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतात ते त्याच मिशनच्या बोर्डिंगात फुकट जेवून शिकलेल्या बापाच्या जिवावर. त्या जेवणाचे पैसे कुठल्या तरी परक्या माणसाने दिले होते. त्याने ते आपल्या मुलाच्या हप्त्यांसाठी ठेवले असते तर तुम्ही मास्तर झाला नसतात. हे त्याला तुम्ही सांगा. माझ्याकडून गेलं तर टोमणा होईल.

आणि साठवल्याबद्दल स्वतःला दोष देणं बंद करा. अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खडकात नवी कबर खोदून घेतली होती. आपल्या मरणाची सोय करून ठेवणारा, नीटनेटका माणूस असणार. ती तयार होती म्हणूनच त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याला ती येशूसाठी देता आली.

तर, द्यावं की नाही? द्या. आधी वहिनींबरोबर बसा, दिवसा, चहा घेऊन, ठेवींच्या पावत्या समोर पसरून. त्यांना किती रक्कम बाजूला असली म्हणजे झोप लागेल ते त्यांनी सांगावं, तुम्ही नव्हे. तुमच्या छातीचं काम पुन्हा निघू शकतं, त्याचाही आकडा धरा. मग जे उरेल त्यातून द्या. मला विचाराल तर एकदम १० लाख नको. या वर्षी एखाद-दोन लाख, आणि पुढे दर वर्षी, जिवंत असेपर्यंत. दर वर्षी दिलं तर दर वर्षी तिथे जावं लागतं, मुलांची तोंडं बघावी लागतात, पैसा कुठे गेला ते दिसतं. धनादेश संस्थेच्या नावाने लिहा, कोणा व्यक्तीच्या नाही, आणि पावती घ्या. बांधकामाला पैसे देण्याआधी जागेवर दावा चालू आहे का, ते विचारा. मिशनच्या मिळकतींवर किती वाद चालू आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पाळकसाहेबांना वाईट वाटलं तर माझं नाव सांगा.

यापेक्षा मोलाचं एक तुमच्याकडे आहे. यापोची तबीथा मेली तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवत होत्या? तिने शिवलेले झगे आणि कपडे. तिच्या नावाची खोली नव्हती. ती 'त्यांच्याबरोबर असताना' शिवलेले, असं तिथे लिहिलंय, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. तुम्ही आयुष्यभर पहिली-दुसरीला अक्षर शिकवलंत. बोर्डिंगात आजही चौथी-पाचवीतली अशी मुलं येतात ज्यांना जोडाक्षर वाचता येत नाही, आणि अधीक्षकाला रात्री स्वयंपाकघर आणि हजेरी यांतून वेळ नसतो. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर आठवड्यातून दोन संध्याकाळी जा. पहिल्या रात्री तोंडावर पांघरूण घेऊन रडणारा मुलगा कोणता, ते तुम्ही दारातून ओळखाल.

जाण्याआधी अधीक्षकांना फोन करून विचारा की तुम्हाला काय हवंय. खोलीचं बोलू नका, नुसतं विचारा. ते बहुधा पाणी तापवायचा बंब, गाद्या, नाहीतर तुरीची डाळ सांगतील. जूनमध्ये नवी मुलं येतात आणि वह्या-गणवेशांची यादी मे महिन्यातच होते, तेव्हा फोन त्याआधी करा.